टर्बोवाल्या मेकॅनिकल डिझेलचं टायमिंग: पंप बसवल्यावर सकाळी पांढरा धूर, घाटात ओढ नाही

ऊसगाडी_राधानगरी

राम राम मंडळी. गाडी जुनी टाटा १६१३ हाय, सहा सिलिंडर ५.९ लिटर कमिन्स, टर्बोवालं, सगळं मेकॅनिकल, इनलाईन पंप, सेन्सर-ईसीएम असलं काय न्हाई. ऊसाचा हंगाम तोंडावर आलाय म्हणून पंप आणि सगळी नोझलं उतरवून लॅबला दिली होती, पंपाचे एलिमेंट (डिझेल दाबणारे प्लंजर) बदलले, नोझलं नवीन टाकली, पंप परत आला आणि आमच्या इकडच्या मिस्त्रीनं बसवला. बसवताना जुन्या खुणेला खूण जुळवली म्हणाला. तवापासनं गाडीचं बिनसलंय.

सकाळी गार असताना स्टार्ट केली की पांढरा धूर, डोळं चुरचुरत्यात असा, आणि कच्च्या डिझेलचा वास. गरम झाली की पांढरा जातो पण लोड पडला की काळा सुरू. आणि ओढ पार मेलीया. परवा खालनं कोकणातनं चिरा भरून करूळ घाट चढत होतो, जिथं तिसऱ्यात यायची तिथं दुसऱ्यात कुंथत आली, आणि गगनबावड्यात वर येऊन अंधारात बॉनेट बघितलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड टर्बोपाशी लालबुंद. असं आधी कधी दिसलं न्हवतं. डिझेल बी जास्त खायलीया.

आता मिस्त्री म्हणतोय टायमिंग मागं पडलंय, म्हंजी डिझेल उशिरा पडतंय, पंप ढिला करून कानानं ऐकत पुढं घेतो. दुसरा एकजण म्हणतोय टर्बोत हवा जास्त जाती म्हणून टायमिंग बिनटर्बोपेक्षा जास्तच पुढं ठेवायला लागतंय. लॅबवाले म्हणत्यात पंप आमच्याकडनं बरोबर गेलाय. तिघांची तीन मतं. मला एवढंच कळूद्या की हे टायमिंग मोजून कसं लावायचं, आणि आधी काय तपासायचं, कारण हेड उचलायला लागलं तर हंगाम गेला माझा.

कागल_ट्रान्सपोर्ट

भावा एवढं टेन्शन घेऊ नको. पांढरा धूर आणि ओढ नाही म्हणजे टायमिंग मागंच आहे. इंजिन गरम कर, पंप थोडा पुढं घे, आवाज जरा कडक झाला की तिथंच टाईट कर. फार टकटक आली तर किंचित मागं. आमच्या बिनटर्बोच्या जुन्या गाड्यांना वर्षानुवर्षं असंच लावतात आणि गाड्या चालतात. तुझा मिस्त्री सांगतोय ते बरोबर आहे.

उद्यमनगर_मिस्त्री

ऊसगाडीवाले भाऊ, थांबा, अजून पंपाला पाना लावू नका.

कागलवाल्या दादांचं बिनटर्बो गाडीपुरतं एकवेळ चालून जातं, त्यात काय वाद नाही. टर्बोला ते का चालत नाही ते नीट सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. डिझेल आत पडलं की लगेच पेटत नाही, मधे थोडा वेळ जातो. हवा जेवढी गरम आणि जेवढी दाबलेली तेवढा हा वेळ कमी. आता टर्बोवालं इंजिन आयडलला असतं तेव्हा टर्बो काहीच बूस्ट (जादा दाबाची हवा) देत नाही, म्हणजे आवाज ऐकताना तुम्ही एक बिनटर्बोचं इंजिन ऐकताय, त्यातही बऱ्याच टर्बो इंजिनांचं कॉम्प्रेशन रेशो मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. तिथं पेटायला वेळ लागतो. तेच इंजिन चिरा भरून घाटात फुल बूस्टवर आलं की हवा गरम, दाट, डिझेल झटकन पेटतं, आणि डिझेल पण जास्त पडत असतं. म्हणजे आयडलला कानाला गोड लागेल असं टायमिंग पुढं घेतलं की घाटात पिस्टन अजून वर येत असतानाच दाब प्रचंड चढतो, आणि तो दाब टर्बोच्या आवाजात, इंजिनच्या घरघरीत कानाला कळतच नाही. कळतो तो हेड गॅस्केट गेल्यावर, नाहीतर बिगएंड बेअरिंग उघडल्यावर.

म्हणून टर्बोला जास्त ॲडव्हान्स, म्हणजे टायमिंग जास्त पुढं लागतं हे जे कुणी सांगितलं ते उलटं आहे. तसंच्या तसं इंजिन घेऊन त्याला टर्बो लावला तर स्टॅटिक (बंद इंजिनवर मोजलेलं) टायमिंग साधारण थोडं मागंच घ्यावं लागतं. तुमच्याकडं तर कंपनीनं ठरवलेला आकडा आहे. कमिन्सच्या या इंजिनाला टायमिंग केसच्या बाजूला डेटा प्लेट असते, त्यावर इंजिनचा सीपीएल नंबर, टॅपेट क्लिअरन्स आणि इंजेक्शन टायमिंग असं लिहिलेलं असतं. ती प्लेट वायरब्रशनं घासून वाचा, फोटो काढून ठेवा. एकाच ५.९ इंजिनाची वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या पंपांची मॉडेलं आहेत आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा, त्यामुळं दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावायचा नाही, मी पण इथं आकडा देणार नाही.

आता तुमची लक्षणं. डोळं चुरचुरवणारा, डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल. पाण्याची वाफ असती तर वास गोडसर आला असता आणि रेडिएटरचं पाणी उतरलं असतं. गार असताना धूर, घाटात ओढ नाही, मॅनिफोल्ड लाल, हे सगळं टायमिंग मागं असल्याशी जुळतं. उशिरा पडलेलं डिझेल पिस्टन खाली जायला लागल्यावर जळतं, पिस्टनला ढकलायच्या ऐवजी तीच उष्णता एक्झॉस्टमधून टर्बोत जाते. टर्बाईन हाऊसिंगला चिरा पडतात, मॅनिफोल्ड तडकतं. पण लोडवरचा काळा धूर दुसऱ्या कारणानं पण असू शकतो आणि ते कारण आधी बघायचं, कारण ते फुकटात बघता येतं:

टर्बोपासून इंटरकूलर, इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड, सगळे होज हातानं दाबून बघा, क्लिपा टाईट करा, इंजिन रेझ करून कुणीतरी साबणाचं पाणी मारा. हवा गळत असली तर डिझेल पूर्ण आणि हवा अर्धी, काळा धूर येणारच. एअर फिल्टर काढून झटकून नाही, नवीन घालून बघा. मग मॅनिफोल्डवरनं पंपाच्या मागं गव्हर्नरवर एक बारीक पाईप जाते, ती एलडीएची. बूस्ट आला की ती डायफ्रामला ढकलते आणि पंप जास्त डिझेल द्यायला मोकळा होतो. ती पाईप तुटली किंवा डायफ्राम फाटला तर धूर फारसा नसतो पण ओढ अजिबात नसते, आणि लोक तेव्हाच टायमिंगला हात घालतात. पंप लॅबमधनं आल्यावर ही पाईप लावायची राहिली, चेपली, असं मी कितीतरी गाड्यांवर बघितलंय.

डिझेल लाईन पण बघा. फिल्टर नवीन, टाकीपासून फिडपंपापर्यंत कुठं हवा ओढते का. रिटर्नला थोडा वेळ पारदर्शक पाईप लावली की बुडबुडे दिसतात. पंपावरचा ओव्हरफ्लो वॉल कमजोर झाला असेल तर पंपाच्या गॅलरीत दाब राहत नाही, मग लॅबनं कितीही चांगलं कॅलिब्रेशन केलं तरी गाडीवर ते दिसत नाही. लॅबच्या बेंचवर बहुतेक वेळा त्यांचा स्वतःचा ओव्हरफ्लो असतो, तुमचा नाही. म्हणून लॅब पण खरं बोलत असेल आणि तुमची गाडी पण.

एवढं करून मग टायमिंग. कसं मोजायचं ते वेगळं लिहितो, जेवून येतो.

ऊसगाडी_राधानगरी

मिस्त्री, लई उपकार. एलडीएची पाईप बघितली, नटापाशी चीर हाय, बोटानं वाकवली की उघडती. ती बदलतो. पण गार धूर काय त्यानं जाणार न्हाई असं वाटतंय. टायमिंगचं लिहा सविस्तर, आणि टीडीसी (पिस्टन एकदम वर असतो ती जागा) कसं खात्रीनं काढायचं ते बी, आमचा मिस्त्री पुलीच्या खुणेवर भरवसा ठेवतोय.

उद्यमनगर_मिस्त्री

सगळ्यात आधी बॅटरीची अर्थ काढा. तुमचा हात पुलीत आणि केबिनमध्ये पोरगं चावीशी खेळतंय, असं व्हायला नको. इंजिन फिरवायचं ते फ्लायव्हीलच्या दात्यांतनं बारिंग टूलनं, स्टार्टरनं अजिबात नाही.

टॅपेट कव्हर काढा. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. इंजिन चालतं त्याच दिशेनं फिरवत जा आणि सहाव्या सिलिंडरचे वॉल बघा. सहाव्याचा एक्झॉस्ट बंद होतोय आणि इनलेट उघडतोय, दोन्ही रॉकर एकाच वेळी हलतायत, म्हणजे पहिला कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आलाय. पहिल्याचे दोन्ही रॉकर बोटानं खटखट हलले पाहिजेत. हे चुकलं तर तुम्ही एक पूर्ण फेरा बाहेर. आलाच आहात तर टॅपेट पण बघून घ्या, गार इंजिनवर इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी, तुमच्या प्लेटशी जुळवा.

कमिन्सनं टायमिंग केसच्या मागच्या अंगाला एक छोटी पिन दिली आहे, ती दाबत दाबत इंजिन हळू फिरवलं की कॅम गिअरच्या भोकात जाते, तिथं पहिल्याचा टीडीसी. सोय चांगली आहे पण ती पिन प्लास्टिकची असते आणि जुन्या गाड्यांत तिचं घरच सरकलेलं, पिन मोडकी, असं सापडतं. आणि ती आत राहून कुणी सेल्फ मारला तर तुकडा गिअरमध्ये. काम झाल्यावर पहिली ती बाहेर.

टायमिंगचं काम करताना मी पिनेवर पण डोळे झाकून जात नाही, टीडीसी डायल गेजनं काढतो. पहिल्याचा एक वॉल स्प्रिंग काढून पिस्टनवर टेकवायचा (पिस्टन वरच असताना, नाहीतर वॉल आत पडेल, स्टेमला रबराची रिंग घालून ठेवा), त्या स्टेमवर डायल. आता डायलवर सगळ्यात वरचा आकडा दिसला की टीडीसी झाला असं समजू नका. १२० मिमी स्ट्रोकचं हे इंजिन, टीडीसीच्या दोन अंश अलीकडं-पलीकडं पिस्टन जेमतेम पाच शतांश मिलिमीटर हलतो. काटा हललेला कळतच नाही. म्हणून टीडीसीच्या अलीकडं पिस्टन साधारण एक मिमी खाली असेल तिथं पुलीवर एक बारीक खूण करायची, मग टीडीसी ओलांडून पलीकडं पुन्हा तेवढाच एक मिमी खाली आला की दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. पलीकडची खूण करताना पण दिशा तीच, उलटं फिरवून खूण केली की गिअरचा बॅकलॅश (दात्यांतली ढील) आकड्यात येतो. पुढं गेलात तर पाव फेरा मागं जाऊन परत पुढं या.

आता स्पिल, म्हणजे डिझेलची धार कुठं तुटते त्यावरनं टायमिंग मोजणं. पहिल्या एलिमेंटची हायप्रेशर पाईप काढा, होल्डर उघडून डिलिव्हरी वॉल आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा, त्या जोडीला कापड लावायचं नाही, होल्डर परत बसवा आणि त्यावर स्वान नेक पाईप (हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक पाईप). स्टॉप लिव्हर ओढलेला नाही याची खात्री, ॲक्सिलरेटर लिव्हर फुलला बांधा. इथं एक गोष्ट खूप जण सोडतात. बऱ्याच पंपांच्या प्लंजरला वर स्टार्टिंगसाठी वेगळी खाच असते, रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) स्टार्टच्या जादा डिझेलच्या जागी असली तर पोर्ट (डिझेल आत यायचं भोक) उशिरा बंद होतं आणि तुमचं टायमिंग आहे त्यापेक्षा मागं दिसतं. मग माणूस पंप पुढं घेतो आणि गाडीवर प्रत्यक्षात टायमिंग जास्त पुढं जातं. रॅक नेमका कुठं धरून मोजायचा हे लॅबला विचारून घ्या, त्यांनी बेंचवर जिथं धरला तिथंच.

मग हँड प्रायमर मारत राहायचा. इंजिन टीडीसीच्या बरंच अलीकडं, साधारण पाव फेरा मागं ठेवा. स्वान नेकमधनं धार चालू असेल. आता हळू पुढं, हळू म्हणजे अगदी केसभर केसभर. धार बारीक होते, तुटते, थेंबावर येते. त्या क्षणी थांबा. पोर्ट बंद झालं, इथून प्लंजर डिझेल ढकलायला लागला. हा तुमचा स्टॅटिक पॉईंट. पुलीवर खऱ्या टीडीसीपासून किती अंश अलीकडं आहे ते मोजा, प्लेटवरच्या आकड्याशी ताडा. तीनदा करा. तीनदा तेच आलं तर खरं.

काही पंपांना स्पिलऐवजी टीडीसीला प्लंजर किती मिलिमीटर उचललेला असतो ते डायलनं बघायची पद्धत दिलेली असते. तुमच्या पंपाला कुठली दिली आहे तीच वापरायची.

शिरोली_जनसेट

मी एका फाउंड्रीत जनसेट आणि कॉम्प्रेसर बघतो. मिस्त्रींनी सांगितलंय त्यात दोन हिशेब घालतो, अंश मोजताना उपयोगी पडतील.

पुलीवर अंशाच्या रेघा नसतील तर व्यास मोजा. समजा पुली २०० मिमीची, तर घेर ६२८ मिमी, ३६० नी भागला की एक अंश म्हणजे साधारण १.७५ मिमी. कागदी पट्टी कापून पुलीला गुंडाळा, तिच्यावरच खुणा करा, दोरीनं मोजू नका. पण त्याआधी एक बघा: पुढची पुली म्हणजे डॅम्पर (क्रँकचे हादरे खाणारी पुली) असेल, मधे रबर असेल, तर जुन्या गाडीत बाहेरची रिंग रबरावर सरकलेली असते. आतल्या आणि बाहेरच्या भागावर एक सरळ रेघ मारून ठेवा, काही दिवसांनी ती रेघ तुटलेली दिसली तर डॅम्परच बदलायचा. अशा पुलीवरची कंपनीची टीडीसी खूण काही कामाची नाही. ऊसगाडीवाल्यांचा मिस्त्री तिच्यावर भरवसा ठेवतोय ते म्हणूनच धोक्याचं.

दुसरं, पंप क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणून पंपाकडं एक अंश हलवला की क्रँकवर दोन. स्लॉटमध्ये फिरणारा फ्लँज असेल आणि बोल्टांचं वर्तुळ १२० मिमीचं असेल, तर तिथं एक मिमी सरकवलं की क्रँकवर जवळजवळ दोन अंश गेले. कानानं लावणारा माणूस टॉमीनं पंप ढकलतो तेव्हा एक मिमी कुठल्या कुठं जातो.

आणि हे पण ध्यानात घ्या की स्टॅटिक आकडा म्हणजे डिझेल आत पडतं तो क्षण नव्हे. पोर्ट बंद झाल्यावर दाबाची लाट पाईपमधून नोझलपर्यंत जायला वेळ घेते. डिझेलमध्ये ती सेकंदाला साधारण १४०० मीटर जाते, म्हणजे ७०० मिमी पाईपला अर्धा मिलिसेकंद. १५०० आरपीएमला अर्ध्या मिलिसेकंदात क्रँक साडेचार अंश फिरतो, २००० ला सहा. म्हणून सगळ्या सहा पाईपा एकाच लांबीच्या असतात, वाकवून वाकवून का दिल्यात असं वाटतं पण कारण हे आहे. कुणी एखादी पाईप तुटली म्हणून दुसऱ्या मापाची घालून दिली असेल तर तो सिलिंडर एकटाच वेगळ्या टायमिंगवर चालतो. नोझलचा दाब पण तसाच, कमी दाबाला उघडणारं नोझल लवकर सोडतं, जास्त दाबाचं उशिरा. भाऊ, तुमची नोझलं नवीन आहेत म्हणता, मग किती बारला सेट केलीत ते लॅबकडनं लिहून घ्या आणि मॅन्युअलशी जुळवा. जुनी नोझलं झिजून कमी दाबावर आलेली असतील तर जुन्या खुणेवर गाडी बरी चालत होती, आणि नवीन कडक स्प्रिंग घातल्यावर त्याच खुणेला मागं पडली, असं पण होतं.

कागल_ट्रान्सपोर्ट

ही आयडलला बूस्ट नसतो म्हणून कान फसतो ही गोष्ट पटली. आमच्या दोन गाड्या टर्बोच्या आहेत, त्यातल्या एकीचं हेड गॅस्केट सारखं जातंय. हेड फेस करून झालं, गॅस्केट चांगल्या प्रतीचं घालून झालं. तिचं टायमिंग कधी मोजलेलंच नाही. मिस्त्री, असं जास्त पुढं असलेलं टायमिंग गाडीवर ओळखायचं कसं?

उद्यमनगर_मिस्त्री

दादा, जास्त पुढं असेल तर गार स्टार्टला खडखड जास्त, धूर मात्र कमी, ड्रायव्हर खूश असतो, गाडी हलकी वाटते. मग हळूहळू पाणी तापणं, रेडिएटरमध्ये बुडबुडे, गॅस्केट फायर रिंगपाशी उडालेलं. गॅस्केट काढलं की फायर रिंग कुठं उडाली ते बघा, सगळीकडं एकसारखी हाणलेली दिसली तर हेडचा दोष कमी आणि आतल्या दाबाचा जास्त. आधी मोजा, मग हेडवर पैसे घाला.

ज्याला गाडी घाटात चालवायचीच आहे त्यानं एक पायरोमीटर बसवावा, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा. प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये. सलग चढावर ७०० अंश सेल्सिअसच्या वर काटा राहायला लागला की गिअर उतरवायचा. टर्बोच्या नंतर प्रोब लावला तर लोडवर आकडा शंभरएक अंश किंवा जास्तच कमी दिसतो, त्यावर विसंबू नका.

आता ऊसगाडीवाले भाऊ, फरक निघाला तर दुरुस्त कसा करायचा. ज्या पंपाचा फ्लँज स्लॉटमध्ये फिरतो तिथं सोपं: पंपाची बॉडी शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवली की टायमिंग पुढं, शाफ्टच्याच दिशेला वळवली की मागं. पण या कमिन्सवर पी टाईपचा पंप असेल तर फ्लँज जागचा हलत नाही, गिअर टेपर शाफ्टवरनं सोडवावा लागतो. टायमिंग केसचं छोटं झाकण काढा, नट आणि वॉशर सोडताना खाली चिंधी कोंबा, तो वॉशर केसमध्ये पडला तर पुढचं सगळं उघडायचं काम. पुलरनं गिअर टेपरवरनं सोडवा. मग क्रँक प्लेटवरच्या आकड्याला, पंप स्पिलच्या बिंदूला, असं दोन्ही धरून गिअर परत आवळायचा. शाफ्टला 'की' (गिअर जागेवर धरणारी पाचर) आहे का ते आधी बघा. ती 'की' नसेल तर सगळी पकड टेपरवर आहे, म्हणून शाफ्ट आणि गिअर दोन्ही बाजूंचा टेपर ब्रेक क्लीनरनं कोरडा ठणठणीत करा, तेलाचा बोटभर डाग राहिला तरी लोडवर गिअर सरकतो आणि टायमिंग घाटातच बदलतं. गिअरचे दाते तिरके आहेत, नट आवळताना गिअर आत ओढला जातो आणि थोडा फिरतो पण. त्यामुळं टॉर्क दिल्यावर स्पिल पुन्हा बघायचा, सरकला असेल तर पुन्हा सोडायचा. हे काम कंटाळवाणं आहे पण इथंच घाई होते.

सगळं झालं की टायमिंग पिन बाहेर, पंपाला पिन असेल तर ती बाहेर, डिलिव्हरी वॉल जागेवर टॉर्कनं, मग एअर काढणं. पहिल्या स्टार्टला एक माणूस एअर इनटेकपाशी जाड लाकडी फळी घेऊन उभा राहू दे. पंप उघडून बसवलाय, रॅक अडकला तर इंजिन पळत सुटतं, आणि तेव्हा चावी बंद करून काही होत नाही, हवा बंद करावी लागते. हातानं इनटेक बंद करायला कुणी जाऊ नये. आणि पाईप सैल करून कुठलं नोझल मारतंय ते बघताना हाताचं बोट धारेपुढं धरू नका. ती धार कातडीतनं आत जाते, बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून हात सडतो. तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरला दाबाखालचं डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं.

पिकअप_गडहिंग्लज

आमच्या पिकअपला टर्बो आहे पण रोटरी पंप आहे, व्हीई टाईपचा. त्याला स्पिल करायचा का?

उद्यमनगर_मिस्त्री

नाही. रोटरीला मागं हायप्रेशर पाईपांच्या मधोमध एक प्लग असतो, तो काढून तिथं ॲडाप्टर घालून डायल गेज लावायची. इंजिन मागं नेत जा, डायलचा काटा खाली येऊन थांबला की तिथं शून्य. मग पुढं टीडीसीला, किंवा मॅन्युअलनं सांगितलेल्या अंशाला आणा, काटा जितके मिलिमीटर दाखवतो ती लिफ्ट. कमी असेल तर टायमिंग मागं, जास्त असेल तर पुढं, पंप स्लॉटमध्ये फिरवून बरोबर करायचं. गार स्टार्टसाठी ॲडव्हान्सचा लिव्हर असेल तर तो आधी सोडवा, तो ओढलेला राहिला तर आकडा खोटा येतो. या पंपात आतल्या दाबावर चालणारा ॲडव्हान्स पिस्टन आहे, आरपीएम वाढलं की तो स्वतः टायमिंग पुढं नेतो, तो अडकला असेल तर स्टॅटिक बरोबर असूनही वरच्या आरपीएमला गाडी मेलेली वाटते. ते काम लॅबचं, गाडीवर करू नका.

ऊसगाडी_राधानगरी

मंडळी, काम झालं. मिस्त्रीला हे सगळं वाचून दाखवलं, त्यानं बी मनावर घेतलं, उद्यमनगरातनं डायल गेज आणि स्वान नेक मागून आणली. पुलीचा डॅम्पर सरकलेलाच निघाला, खरा टीडीसी आणि खूण यात चांगला फरक. त्या खुणेवर भरवसा ठेवून लावलेलं म्हणून टायमिंग प्लेटवरच्यापेक्षा पाचएक अंश मागं होतं. टेपर पुसून गिअर आवळला, पहिल्या खेपंला टॉर्क देताना सरकलाच, पुन्हा केला. एलडीएची पाईप नवीन, एका होजची क्लिप बदलली, डॅम्पर मागवलाय.

सकाळी स्टार्ट केली, दोन मिनिटांत धूर साफ. काल भरून अनुस्कुऱ्यानं वर आलो, तिसऱ्यात आली, मॅनिफोल्ड काळंच्या काळं. नोझलचा दाब लॅबकडनं लिहून घेतलाय, बरोबर हाय. एकच शंका, ऑईल डिपस्टिकवर जरा वर दिसतंय आणि पातळ वाटतंय. हे कशानं?

उद्यमनगर_मिस्त्री

छान वाटलं वाचून, आणि तुमच्या मिस्त्रीचं पण कौतुक, दुसऱ्याचं ऐकून पुन्हा गिअर सोडणारा माणूस मिळायला नशीब लागतं. शिरोलीवाल्यांनी डॅम्परचं सांगितलं ते नेमकं लागलं.

ऑईलमध्ये डिझेल उतरलंय. टायमिंग मागं होतं तेव्हा गार असताना न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरनं खाली संपमध्ये गेलं. डिपस्टिकचं ऑईल हुंगून बघा, डिझेलचा वास येईल. हे ऑईल घेऊन एक खेप सुद्धा करू नका, टर्बोचं बेअरिंग याच ऑईलवर तरंगतं आणि पातळ ऑईलनं ते आधी जातं. ऑईल आणि फिल्टर बदला, नवीन ऑईलची पातळी लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा वर चढली तर टायमिंगचा दोष नाही, मग फिडपंपाचा सील किंवा पंपाच्या एलिमेंटची गळती बघायची, तेव्हा लॅबला पुन्हा दाखवा. आणि डॅम्पर आल्यावर नवीन पुलीवर खरा टीडीसी एकदा पुन्हा काढून पंचनं खूण मारून घ्या.

ऊसगाडी_राधानगरी

व्हय, वास येतोय डिझेलचा. आजच बदलतो. डॅम्पर सोमवारी येणार हाय, बसवला की डायलचा फोटो टाकतो.